घराचा प्रश्न आणि बाबासाहेबांचे कायदेमंडळातील कार्य

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 महाडचा सत्याग्रह, पुणे करार, राज्यघटना आणि धम्मदीक्षा या विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे आणि पुढेही ऐकाल. आज मी एका निराळ्याच बाजूकडे आपले लक्ष वेधणार आहे. बाबासाहेब कायदेमंडळात किती वर्षे बसले याचा हिशेब आपण कधी केला आहे काय? १९२७ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. १९३७ साली मुंबई असेंब्लीवर निवडून आले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. पुढे घटना समिती, त्यानंतर कायदामंत्रिपद, आणि १९५२ पासून महापरिनिर्वाणापर्यंत राज्यसभा. मधले खंड जमेस धरूनही हा सुमारे तीस वर्षांचा काळ होतो. या काळात त्यांनी माणसाच्या राहत्या घराविषयी आणि वस्तीविषयी काय विचार केला, काय कायदे केले, आणि त्यातून कोल्हापूरच्या आपल्या वस्त्यांनी आज काय घ्यावे, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

कोणी म्हणेल, घराचा प्रश्न हा पोटापाण्याच्या प्रश्नासारखाच एक. त्यात अस्पृश्यतेचा संबंध काय? बंधूंनो, अस्पृश्यतेचा पहिला पुरावा घराच्या जागेतच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांचे घर गावकुसाबाहेर होते. ते बहुधा गावाच्या पूर्वेस असे, आमच्याकडचा वारा गावाकडे जाऊ नये म्हणून, असे जुनी माणसे सांगत. नदीकाठच्या गावांत ते पुष्कळदा सखल जागेवर असे. म्हणजे पाणी आले की आधी आमच्या दारात यावे. माणूस कोणत्या जातीचा हे विचारण्याची गरजच नसे. तो कोठे राहतो एवढे कळले की पुरे. ही जागा त्याने निवडलेली नव्हती. ती त्याला नेमून दिलेली होती. नगररचना हा शब्द जन्माला येण्यापूर्वी या देशात एक नगररचना होती आणि तिचा नकाशा जातीने काढला होता.

बाबासाहेबांनी हे पुस्तकातून जाणले नव्हते. १९१७ सालची बडोद्याची हकीकत आपणांस ठाऊक असेल. अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून आलेला हा विद्वान बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाला, आणि त्याला त्या शहरात राहावयास एक खोली मिळेना. अखेर एका पारशी वसतिगृहात नाव बदलून ते राहिले. अकरा दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. ज्या स्नेह्यांकडे आसरा मागितला त्यांनी सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले. पदवी होती, पगाराची जागा होती, खिशात भाडे होते. नव्हते ते फक्त छप्पर. पैसा असला म्हणजे घर मिळते, असे जे लोक आजही सांगतात त्यांनी हा प्रसंग आठवावा.

मुंबईत त्यांचे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत समोरासमोरच्या दोन लहान खोल्यांत राहत असे. हा ट्रस्ट का निघाला होता? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत माणसे पटापट मेली. तेव्हा १८९८ साली कायदा करून सरकारने शहर सुधारण्यासाठी हा ट्रस्ट स्थापन केला. पुढे १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. त्यांतली एक खोली १६० चौरस फुटांची. या खोल्यांत कोकणातून, देशावरून आलेला मजूर राहिला, आणि त्यांतच बाबासाहेबांचा हजारो अनुयायी वाढला. म्हणजे चाळीतले जिणे हे त्यांचे स्वतःचे जिणे होते. दिवा कोठे लावायचा, मुलाने अभ्यास कोठे करायचा, आजारी माणसाला कोठे निजवायचे, हे प्रश्न ज्याने भोगले तो गृहस्थ पुढे कायदेमंडळात जाऊन बसला.

तेथे त्यांनी प्रथम कशास हात घातला? १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. हे विधेयक महार वतनाचे म्हणून ओळखले जाते, आणि घरांशी त्याचा काही संबंध आहे असे कोणी सहसा म्हणत नाही. परंतु विचार करा. वतनदार महाराने गावाची आणि सरकारची चाकरी रात्रंदिवस करावयाची. हाक आली की हजर व्हावयाचे. म्हणून त्याला गावापासून दूर जाता येत नसे. आणि अस्पृश्य म्हणून गावातही राहता येत नसे. गावाला लागून, पण गावाबाहेर, या जागेवर त्याला वतनाच्या दोरीने बांधून ठेवले होते. बदल्यात काय, तर थोडी जमीन आणि बलुत्याची आशा. ही दोरी कापल्यावाचून माणूस आपले घर आपल्या इच्छेने हलवू शकत नव्हता. ते विधेयक निवड समितीकडे गेले, त्याचा मूळ हेतू तेथे टिकेना, आणि १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागे घेतले. कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली. तोपर्यंत बाबासाहेब आपल्यात राहिले नव्हते.

येथे कोल्हापूरकरांनी एक गोष्ट अभिमानाने ध्यानात ठेवावी. ब्रिटिश मुलखात जे तीस वर्षांनी साधले, ते राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ सालीच केले होते. महार वतने खालसा करून त्या जमिनी त्यांनी रयताव्याने दिल्या. त्यापूर्वी १९०८ मध्ये याच शहरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. वसतिगृह म्हणजे तरी काय? खेड्यातल्या ज्या मुलाला शहरात कोणी भाड्याने खोली देत नव्हते, त्याला दिलेले पहिले घरच ते. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि तरुण बाबासाहेब एका व्यासपीठावर आले, तेव्हा ही कामगिरी महाराजांच्या पाठीशी होती. आणि त्याच कोल्हापूरने १९५० च्या डिसेंबरात, बाबासाहेब हयात असतानाच, बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे उभे केले. त्या पुतळ्यांपुढून आपण रोज जातो. आपले काम मात्र पुतळ्यापाशी संपत नाही.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्याच्या जाहीरनाम्यात कुळांचे, कर्जाचे आणि गिरणीचे प्रश्न होतेच. पण खेड्यांतील आरोग्य, घरे, सभागृहे आणि वाचनालये यांचीही तरतूद त्यात सांगितली होती. निवडणुकीचा जाहीरनामा लिहिताना खेड्यातल्या घराचा विचार करावा, ही दृष्टी त्या काळी फार थोड्यांना होती.

आता मी मजूरमंत्रिपदाच्या काळाकडे येतो. १९४२ च्या जुलैमध्ये त्यांनी हे खाते हाती घेतले. कामगारांच्या कायद्यांबरोबर खाणी, वीज, पाटबंधारे आणि केंद्र सरकारचे बांधकाम हेही विषय त्याच खात्याकडे होते. १९४३ च्या सप्टेंबरात सरकार, मालक आणि मजूर या तिघांची परिषद दिल्लीस भरली. तीत ठराव झाला की मजुरांचे वेतन, त्यांची मिळकत, त्यांचा रोजगार आणि त्यांची घरे यांची रीतसर चौकशी व्हावी. त्यातून १९४४ मध्ये रेगे समिती नेमली गेली. घर हा दानधर्माचा विषय मानला असता तर चौकशी समितीची गरज नव्हती. एखाद्या धनिकाने धर्मशाळा बांधली की भागले असते. वेतनाच्या शेजारी घर हा शब्द बसविला, त्याचा अर्थ असा की मजुराचे घर हा त्याच्या श्रमाच्या मोबदल्याचा भाग आहे आणि त्याचा हिशेब झाला पाहिजे.

१९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडील कोळशाच्या खाणी पाहावयास गेले. ते स्वतः खाणीत उतरले आणि मजुरांच्या राहण्याच्या जागाही त्यांनी पाहिल्या. लगेच १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याची रचना मला आपणांस समजावून सांगावयाची आहे, कारण माझ्या सांगण्याचा गाभा तोच आहे. खाणीतून जो कोळसा बाहेर पाठविला जाई त्यावर उपकर बसविला. त्या उपकराचा निधी वेगळा ठेवला. त्या निधीतून मजुरांची घरे, पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांवर खर्च करावयाचा. निधीच्या कारभारावर सल्ला देण्यासाठी मालक आणि मजूर या दोघांचे प्रतिनिधी घेतले. १९४७ साली बाबासाहेब त्या खात्यावर नव्हते. पण त्या वर्षी या वटहुकुमाच्या जागी कायदा आला आणि त्यात घरांसाठी निराळे खातेच उघडण्यात आले.

यात तीन गोष्टी आहेत. ज्या उद्योगातून पैसा निर्माण होतो त्याच उद्योगाने मजुराच्या घराचा भार उचलावा, ही पहिली. तो पैसा दुसरीकडे वळविता येऊ नये म्हणून त्याची पेटी वेगळी असावी, ही दुसरी. आणि त्या पेटीजवळ मजुराचा माणूस बसलेला असावा, ही तिसरी. बंधूंनो, घरांसंबंधी कोणतीही योजना आपल्यापुढे आली की तिला हे तीन प्रश्न विचारा. पैसा कोणाचा? पेटी कोठे आहे? आणि तेथे आपला कोण बसला आहे?

याच काळात बाबासाहेबांच्या मनात वसाहतींची एक मोठी योजना आकार घेत होती. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीसाठी जे निवेदन तयार केले, त्यात ही योजना कलमवार मांडली आहे. पडीक सरकारी जमीन एका वसाहत आयोगाच्या स्वाधीन करावी, आयोगाला खाजगी जमीन विकत घेण्याचाही अधिकार असावा, केंद्राने दरसाल पाच कोटी रुपये द्यावेत आणि त्यातून अस्पृश्यांची नवी गावे वसवावीत. कारण काय? प्रत्येक गावात आम्ही मूठभर, अन्नासाठी गावावर अवलंबून, आणि गाव चिडले की वाट बंद, पाणी बंद, काम बंद.

या योजनेवर त्या वेळीही टीका झाली आणि आजही होते. वेगळ्या वसाहती म्हणजे गावकुसाबाहेरचा वाडाच मोठा करणे नव्हे काय, असा तो आक्षेप. आक्षेप पोकळ नाही. परंतु जुना वाडा आणि ही वसाहत यांत एक भेद आहे. वाड्याची जागा दुसऱ्याने ठरविली होती आणि तेथला माणूस गावाचा चाकर होता. वसाहतीत जमीन त्याच्या हाती आणि जाण्या-येण्याची मोकळीक त्याची. शिवाय त्याच घटनेत बाबासाहेबांनी दुसरी वाटही खुली ठेवली. योजना घटनेत आली नाही. परंतु देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमात आला, आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. जो हक्क १९१७ साली बडोद्यात त्यांना नाकारला गेला तो १९५० साली प्रत्येक नागरिकाचा झाला.

हक्क लिहिला गेला तरी त्याला दात हवेत. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला. त्यापूर्वी १९५४ मध्ये त्या विधेयकावर बाबासाहेब राज्यसभेत बोलले होते. हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. त्याचे चौथे कलम आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला कोणत्याही वस्तीत राहते घर बांधू न देणे, घेऊ न देणे किंवा त्यात राहू न देणे हा त्या कलमाने गुन्हा आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने घर किंवा गाव सोडण्यास भाग पाडणे हाही गुन्हा ठरविला. आज शहरात आपली मुले भाड्याचे घर पाहावयास जातात तेव्हा आडनाव विचारले जाते, मग आहार विचारला जातो, आणि मग जागा आत्ताच दिली गेली असे सांगितले जाते. कोणीही काठी उगारीत नाही. म्हणून पुरावा मिळणे कठीण. पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे. निदान आपल्या घरात हे कलम माहीत असावे.

बाबासाहेबांच्या पश्चात हे काम थांबले नाही. १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड राज्यसभेचे सभासद होते. त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांचे निवेदन दिले आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह केला. भूमिहीनांना जमीन ही मागणी सर्वांना आठवते. पण त्याच निवेदनात झोपडपट्टीतील लोकांची स्थिती सुधारावी ही मागणी होती, आणि बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात हीही होती. या दोन मागण्या एका कागदावर आल्या हे योग्यच होते. १९५६ साली धम्म स्वीकारल्यावर आमचा देव बदलला, मन बदलले. पण घर त्याच जागी राहिले आणि छप्परही तेच राहिले. केंद्राच्या सवलती मात्र धर्म बदलला म्हणून थांबल्या. त्या मिळावयास १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्रात रमाई आवास योजनेचे घर आज अनुसूचित जातींबरोबर नवबौद्धांनाही मिळते. ती मेहेरबानी नव्हे. तीस-चाळीस वर्षांच्या भांडणाचे ते फळ आहे.

आता इमारतीच्या सुरक्षिततेचा विषय. यावर बाबासाहेबांनी निराळे विधेयक मांडले असे मी म्हणणार नाही. परंतु मघाशी सांगितलेल्या तीन प्रश्नांची कसोटी येथे लावून पाहू.

मुंबईत जुन्या चाळी कोसळून माणसे मरू लागली तेव्हा १९६९ साली महाराष्ट्र विधिमंडळाने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. जुन्या इमारतींवर उपकर बसविला आणि दुरुस्तीचे काम मंडळाकडे दिले. पुढे १९७६ च्या म्हाडा कायद्यात ही व्यवस्था सामील झाली. पैसा कोणाचा आणि पेटी कोठे, या दोन प्रश्नांना तेथे काही उत्तर होते. पण ते मंडळ मुंबई बेटापुरते आहे. कोल्हापूरच्या जुन्या पेठेतील मातीच्या भिंतीच्या घराला, किंवा चाळीतील भाडेकरूला, असा दुरुस्तीचा निधी नाही. येथे आहे ती नोटीस. महानगरपालिका कायद्याच्या २६४ व्या कलमाने धोकादायक इमारत रिकामी करण्याची आणि पाडण्याची नोटीस निघते. २६५-अ या कलमाने तीस वर्षांवरील इमारतीच्या मजबुतीचे प्रमाणपत्र जाणकार अभियंत्याकडून घ्यावे लागते. कलमे चांगली आहेत; माणसाचा जीव वाचावा म्हणूनच ती आहेत. परंतु नोटीस हातात पडल्यावर मोलमजुरी करणाऱ्याने जावे कोठे, हे ती नोटीस सांगत नाही. म्हणून तो तेथेच राहतो, आणि पावसाळ्यात भिंत त्याच्यावर येते. मग वर्तमानपत्रात येते की नोटीस देऊनही रहिवासी हटले नाहीत.

नव्या इमारतींची कथा याहून वाईट आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. त्यांत ती बांधणारे मजूर आणि त्यांची बायकामुले होती. ती त्याच अर्धवट इमारतीत राहत होती. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड येथे पाच मजली इमारत पडून १६ जण गेले. ती इमारत दहा वर्षांचीही झाली नव्हती. महाड हे नाव ऐकताच आपल्या मनात चवदार तळे येते. म्हणून मी मुद्दाम विचारतो: पाण्याचा हक्क मिळाला, मतदानाचा हक्क मिळाला, डोक्यावरचे छप्पर खाली न पडण्याचा हक्क कोणी मिळवून द्यावयाचा?

आणि आपल्या कोल्हापुरात छपराच्या आधी पाणी येते. २००५, २०१९ आणि २०२१ सालचे महापूर आपण पाहिले. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. प्रत्येक पुरात प्रथम कोणाला हलविले जाते हे शहराला पाठ आहे. पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई. नियम शास्त्रशुद्ध आहे. पण ज्यांच्या वाडवडिलांना जातीने सखल जागा नेमून दिली त्यांना आज शास्त्र सांगते की येथे राहू नका; आणि वरची, कोरडी जमीन तोपर्यंत दुसऱ्यांच्या नावे झालेली असते. जुना नकाशा जातीने काढला. नवा नकाशा त्यावरच ठेवून काढला तर रेषा बदलतील, माणसांची जागा बदलणार नाही. पुनर्वसन देताना कोणती जमीन, शाळा आणि काम यांपासून किती अंतरावर, आणि कागद कोणाच्या नावे, हे प्रश्न पूर येण्यापूर्वी विचारले पाहिजेत. छावणीत बसलेल्या माणसाला ते विचारण्याचे त्राण नसते.

काही तरुण मला म्हणतात, हे गटारे, नकाशे आणि दाखले यांचे क्षुद्र विषय आहेत. बाबासाहेबांची चळवळ स्वाभिमानाची होती. त्यांना मी नम्रपणे महाडच्या इतिहासाची आठवण देतो. १९२३ साली रावबहादूर बोले यांनी मुंबई कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळे खुले केले. तो कागद तीन वर्षे निजून राहिला. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी हजारोंसह जाऊन त्या कागदाला जागे केले. म्हणजे स्वाभिमानाचा तो महान संग्राम एका नगरपालिकेच्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठीच झाला. कागद क्षुद्र नसतो. तो वाचणारा आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा समाज नसला, तरच तो कपाटात कुजतो.

मग आज कपाटात कोणते कागद आहेत? १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा लोकांसाठी प्रसिद्ध करावाच लागतो, आणि ठरलेल्या मुदतीत कोणाही नागरिकाला हरकत घेता येते. २०१७ साली कोल्हापूर शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. शहर त्या गावांकडे सरकत आहे. तेथे आपली घरे गावठाणालगत आहेत. कोठे जुन्या वतनाच्या जमिनी आहेत, ज्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत आणि ज्यांवर आज अनेकांचा डोळा आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगररचना, बांधकामाचे नियमन आणि झोपडपट्टी सुधारणा हे विषय नगरपालिकांच्या यादीत घातले आणि अनुसूचित जातींसाठी तेथे जागा राखून ठेवल्या. आपला नगरसेवक निवडून गेला की आपण हार घालतो. बांधकामाचे नियम आणि आराखडा चर्चेला आला त्या दिवशी तो काय बोलला, हे आपण त्याला विचारतो काय?

म्हणून माझे आपल्याला मोजकेच सांगणे आहे. प्रत्येक वस्तीतील दोन शिकलेली मुले-मुली या कामासाठी नेमा. त्यांनी आराखड्यात आपल्या वस्तीवर कोणता रंग आहे आणि कोणते आरक्षण आहे ते पाहावे. पुराची रेषा आपल्या कोणत्या घरांवरून जाते ते पाहावे. प्रत्येक घराची मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा जमवावा, आणि त्यावर घरातील बाईचे नाव आहे की नाही ते तपासावे. जुन्या इमारतींची तपासणी नोटीस येण्यापूर्वी मागावी. रिकामी करण्याची वेळ आलीच, तर आपल्या ताब्यातील जागेचे माप लेखी घेतल्यावाचून उंबरा ओलांडू नये. हरकत घ्यावयाची ती मुदतीत, लेखी आणि पोच घेऊन घ्यावी. यात भाषणबाजी काही नाही. परंतु बाबासाहेबांनी तीस वर्षे कायदेमंडळात जे केले ते पुष्कळसे असेच होते: अंदाजपत्रक वाचणे, कलमाला दुरुस्ती सुचविणे, समितीत बसून आकडे मागणे.

२०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. वाड्यांच्या पाट्या बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे आली, येत आहेत. ही गोष्ट चांगली झाली. नाव हे माणसाला टोचते, म्हणून ते जावयासच हवे होते. पण पाटी बदलली आणि घर मात्र सखल जागेवर, पडक्या भिंतीचे आणि दुसऱ्याच्या नावे राहिले, तर केवळ रंगाऱ्याचे काम झाले असे होईल. आपली जागा कोठे असावी हे शेकडो वर्षे दुसऱ्यांनी ठरविले. आता ते जेथे ठरते त्या कचेरीचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे, ती कोणत्या दिवशी उघडी असते हेही ठाऊक आहे. पुढचा आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकतींच्या नोंदवहीत आपल्या वस्तीचे नाव असले पाहिजे.



जय भीम!